शरीर स्वतःच बनवते ते वायू : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्यात बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरच्या धोक्याविषयी लिहिताना मी ओघात एक वाक्य लिहून गेलो, की ज्या कार्बन मोनॉक्साईडने माणूस बेशुद्ध पडतो, तोच वायू अगदी अल्प प्रमाणात आपले शरीरही तयार करीत असते. गिझर बाजूला राहिला आणि पत्रे आली ती बहुतेक या एका वाक्यावर. कोणाला ती छपाईची चूक वाटली, कोणी आपल्या औषधांविषयी विचारले, आणि पेठांतल्या दोन वाचकांनी पुणेरी सडेतोडपणाने लेखी खुलासा मागितला. पत्रे पुष्कळ आहेत. त्यांतली निवडक येथे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : विषारी वायू शरीर स्वतःच कशासाठी तयार करील? आणि करीतच असेल, तर आपण सगळे गुदमरून कसे जात नाही?
(निवृत्त शिक्षिका, कोथरूड)

उत्तर : वाक्यात चूक नव्हती. आपल्या रक्तातली तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि दर सेकंदाला अशा वीस लाखांहून अधिक पेशी मोडीत निघतात. त्यांतल्या हिमोग्लोबिनचा लोह धरून ठेवणारा जो भाग असतो, त्याला हीम म्हणतात. हीमची विल्हेवाट लावण्याचे काम हीम ऑक्सिजनेज नावाचे विकर (एन्झाईम) करते. ते हीमचे कडे एका ठिकाणी तोडते आणि त्यातून तीन वस्तू बाहेर पडतात : लोह, बिलिव्हर्डिन नावाचे हिरवे द्रव्य आणि कार्बन मोनॉक्साईडचा एक रेणू. लोह शरीर पुन्हा वापरते, हिरव्या द्रव्याचे पुढे पिवळे बिलिरुबिन होते (काविळीत वाढते ते हेच), आणि वायू रक्ताबरोबर फुप्फुसांत जाऊन श्वासावाटे निघून जातो.

हा व्यवहार डोळ्यांनी पाहायचा असेल, तर मुका मार बसलेल्या जागेकडे आठ-दहा दिवस लक्ष ठेवावे. दुचाकी घसरून पोटरीला मार लागला की ती जागा आधी तांबडी-जांभळी आणि मग काळीनिळी होते. काही दिवसांनी तिच्या कडेने हिरवट झाक दिसू लागते आणि शेवटी फिकट पिवळा डाग उरतो. त्वचेखाली सांडलेल्या रक्तातले हीम तुटून बिलिव्हर्डिन झाले म्हणून ती जागा हिरवी दिसली, आणि त्याचे बिलिरुबिन झाले म्हणून पिवळी. तिथल्या बिलिव्हर्डिनच्या प्रत्येक रेणूमागे कार्बन मोनॉक्साईडचा एक रेणू सुटलेला असतो. माणसाचे शरीर हा वायू तयार करते, हे स्वीडनमधील श्योस्ट्रांड यांनी १९४९ च्या सुमारास दाखवून दिले.

आपण गुदमरत नाही, याचे कारण केवळ प्रमाण. निरोगी प्रौढ माणूस दिवसभरात सुमारे दहा मिलिलिटर, म्हणजे आकारमानाने दोन चहाचे चमचे भरतील एवढाच हा वायू बनवतो, आणि धूम्रपान न करणाऱ्याच्या रक्तातले जेमतेम एक टक्का हिमोग्लोबिन त्याने अडवलेले असते. सिगारेट ओढणाऱ्यात हेच प्रमाण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत जाते. हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असल्यामुळे, खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गिझर पेटता ठेवला आणि आतला प्राणवायू कमी पडून ज्वलन अपुरे होऊ लागले, की हवेतला थोडासा कार्बन मोनॉक्साईडही रक्ताचा मोठा हिस्सा अडवून बसतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, त्यामुळे आत असलेल्या माणसाला काही कळतच नाही. घरगुती गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडशी त्याचा संबंध नाही. गिझर न्हाणीघराबाहेर बसवावा, एवढे पुन्हा सांगून पुढे जातो.

आता ‘कशासाठी’ याविषयी. १९९३ मध्ये बाल्टिमोर येथील सॉलोमन स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले, की मेंदूतल्या काही चेतापेशी हा वायू परस्परांना निरोप देण्यासाठी वापरत असाव्यात. पुढे रक्तवाहिन्या सैल पडणे आणि दाह कमी होणे याही बाबतींत त्याचा हातभार दिसला. तरीही माझे मत विचाराल, तर शरीरातल्या तीन वायुरूप निरोप्यांपैकी याचे कागदपत्र सर्वांत कच्चे आहेत; त्यातला निरोप कोणता आणि मोडतोडीत आपसूक सुटलेला वायू कोणता, हा वाद मिटलेला नाही. उरलेले दोन म्हणजे नायट्रिक ऑक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड.

प्रश्न : हे वायू म्हणजे पोटातला गॅस, की आयुर्वेदातला वात?
(व्यापारी, भवानी पेठ)

उत्तर : दोन्ही नाहीत. पोटातला गॅस आतड्यातल्या जिवाणूंचा आणि गिळलेल्या हवेचा असतो. वात ही वेगळ्या शास्त्राची, वेगळ्या अर्थाची संज्ञा आहे. येथे ज्यांची चर्चा चालली आहे, ते वायू पेशींच्या आतल्या पाण्यात विरघळलेले असतात आणि इतके थोडे असतात, की त्यांचा बुडबुडा होण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यांचे वेगळेपण असे. नेहमीचा निरोप्या रेणू पेशीत आधीच बनवून, पुडीत बांधून ठेवलेला असतो. तो बाहेर पडला की दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक ग्राहीला जाऊन चिकटतो, म्हणजे दारावरची कडी वाजवतो. वायूला दार लागत नाही. जुन्या वाड्यात एका बिऱ्हाडात लसणाची फोडणी पडली, की शेजारच्या बिऱ्हाडाला ती आपसूक कळते, तसा हा वायू पेशीच्या आवरणातून आरपार जातो. त्यामुळेच पेशीला त्याला साठवून ठेवता येत नाही. गरज पडली की जागच्या जागी बनवायचा, असा हा कारभार असतो; नायट्रिक ऑक्साईड तर काही सेकंदांतच नाहीसे होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या दोन प्रश्नांची उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : माझ्या यजमानांना छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेटची गोळी दिली आहे. गोळी ठेवली की दोन-तीन मिनिटांत आराम पडतो, पण डोके भणभणते. माझे सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते. ते म्हणत, की हे औषध आणि सुरुंगाची दारू सख्खी भावंडे आहेत. हे खरे का?
(गृहिणी, सदाशिव पेठ)

उत्तर : आपल्या सासऱ्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. आपल्या यजमानांच्या गोळीत आयसोसॉर्बाईड डायनायट्रेट असते. नायट्रोग्लिसरीन हे त्याचेच थोरले भावंड, आणि दोघांचे काम एकाच मार्गाने चालते.

नायट्रोग्लिसरीन प्रथम बनवले ते इटलीत, आस्कानिओ सोब्रेरो यांनी, १८४७ साली. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी ते जिभेला लावून पाहिले आणि त्यांचे डोके ठणकू लागले. पुढे आल्फ्रेड नोबेल यांनी याच द्रवाला काबूत आणून १८६७ मध्ये डायनामाईटचे पेटंट घेतले. अशा कारखान्यांतल्या कामगारांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसू लागली. रविवारची सुट्टी संपवून सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके दुखे, आणि आठवडा सरत जाई तसे ते थांबे. उलट काही जणांच्या छातीत दुखे ते नेमके सुट्टीच्या दिवशी. पैकी डोकेदुखी ही शिरा सैल पडल्याची खूण होती, आणि सुट्टीतले छातीचे दुखणे हे त्या द्रव्याची सवय झाल्यानंतर ते अचानक बंद पडल्याचे. लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये हृदयशूळाच्या रुग्णांना नायट्रोग्लिसरीन देऊन गुण येतो, असे प्रसिद्ध केले. आयुष्याच्या अखेरीस, १८९६ मध्ये, खुद्द नोबेल यांनाच डॉक्टरांनी हे औषध सांगितले. औषधविक्रेते आणि लोक घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन असे दुसरे नाव दिले होते, आणि या योगायोगाविषयी नोबेल यांनी आपल्या सहकाऱ्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे.

औषध लागू पडत होते, पण ते का लागू पडते हे त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७७ मध्ये अमेरिकेत फेरिद मुराद यांनी दाखवले, की नायट्रोग्लिसरीनमधून नायट्रिक ऑक्साईड हा वायू सुटतो आणि तो स्नायूतले एक विकर जागे करतो. पण बाहेरून दिलेल्या औषधातून वायू सुटणे निराळे, आणि शरीराने तो स्वतः बनवणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीकडे वाट नेली ती न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांनी, आणि तीही प्रयोगातल्या एका चुकीमुळे.

ते सशाच्या महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या) पट्ट्या कापून द्रवात टांगत आणि निरनिराळी द्रव्ये घालून त्या आखडतात की सैल पडतात हे मोजत. अ‍ॅसिटिलकोलिन (चेतापेशींचा एक नेहमीचा निरोप्या रेणू) घातले की त्यांच्या पट्ट्या आखडत. मदतनिसाकडून एकदा प्रयोगाच्या क्रमात चूक झाली आणि त्याच जातीच्या द्रव्याने पट्टी चक्क सैल पडली. चूक म्हणून ती नोंद खोडून टाकता आली असती; फर्चगॉट यांनी ती धरून ठेवली. अखेर उलगडा झाला तो असा, की पट्टी तयार करताना तिची आतली बाजू हाताखाली घासली जाई आणि रक्तवाहिनीचे जे एका पेशीच्या जाडीचे आतले अस्तर असते, ते खरवडून निघे. अस्तर शाबूत असले तर वाहिनी सैल पडे; नसले तर आखडे. मग त्यांनी सँडविचसारखा प्रयोग केला : अस्तर नसलेली पट्टी घेतली, तिच्यावर अस्तर असलेली दुसरी पट्टी आतल्या बाजूने चिकटवून ठेवली, आणि अ‍ॅसिटिलकोलिन घातल्यावर अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तरातून काहीतरी सुटून शेजारी पोहोचत होते. हे १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साईडच असावे, असे फर्चगॉट आणि लुई इग्नारो यांनी १९८६ मध्ये सुचवले, आणि लंडनला साल्वादोर मोंकाडा यांच्या गटाने १९८७ मध्ये ते मोजून दाखवले. १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळाले. डायनामाईटच्या पैशातून उभे राहिलेले पारितोषिक डायनामाईटच्याच द्रव्याचा उलगडा केल्याबद्दल दिले गेले, हे खरेच; पण त्यात मोंकाडा यांचे नाव नसणे अनेक शास्त्रज्ञांना खटकले, आणि मलाही ते खटकते.

अस्तरातल्या पेशी आर्जिनिन या अमायनो आम्लापासून हा वायू बनवतात. तो शेजारच्या अनैच्छिक स्नायूत शिरतो, तिथे सीजीएमपी नावाचा रेणू वाढतो आणि स्नायू सैल पडतो. सॉर्बिट्रेटने काम होते ते याच साखळीवर, मात्र अस्तराला वळसा घालून. त्याने मुख्यतः शरीरातल्या मोठ्या शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि हृदयावरचा भार हलका होतो. डोक्याच्या वाहिन्याही सैलावतात म्हणून डोके भणभणते. ते औषध लागू पडल्याचेच लक्षण आहे. गोळी गिळायची नाही, कारण गिळलेल्या औषधाचा मोठा भाग यकृतातच मोडतो. जिभेखालून ते थेट रक्तात जाते. गोळी बसूनच घ्यावी, उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. आराम पडला नाही, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

एक गोष्ट संकोचाने विचारली जात नाही, म्हणून मीच लिहितो. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल हे औषध याच साखळीच्या दुसऱ्या टोकाला काम करते : ते सीजीएमपीला मोडू देत नाही. एका औषधाने नळ सोडायचा आणि दुसऱ्याने मोरीला बोळा घालायचा, असे दोन्ही एकदम झाले, तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका कोसळू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि त्याच जातीचे टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तास सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी द्यायची नसते. पुरुषांनी ही माहिती पत्नीपासून लपवली तरी चालेल, डॉक्टरांपासून लपवू नये.

प्रश्न : आमच्या योगवर्गात सांगतात, की भ्रामरी केल्याने शरीरातले नायट्रिक ऑक्साईड पंधरा पट वाढते. यात तथ्य किती?
(बँकेतून निवृत्त, कर्वेनगर)

उत्तर : पंधरा हा आकडा खरा आहे, ‘शरीरातले’ हा शब्द खरा नाही. नाकाच्या आजूबाजूला हाडांत ज्या पोकळ्या असतात, ज्यांच्या सुजेला आपण सायनसचा त्रास म्हणतो, त्यांच्या आवरणात हा वायू सतत तयार होतो. स्वीडनमधील वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये मोजून दाखवले, की तोंड मिटून गुणगुणत श्वास सोडला, तर नाकातून बाहेर पडणारे नायट्रिक ऑक्साईड शांतपणे सोडलेल्या श्वासाच्या सुमारे पंधरा पट असते. गुंजारवाने हवा थरथरते आणि पोकळ्यांत साचलेला वायू बाहेर खेचला जातो. म्हणजे तो वाढला नाही, साठा रिकामा झाला. लागोपाठ गुणगुणत राहिल्यास प्रत्येक वेळी कमी-कमी वायू निघतो आणि काही मिनिटे शांत राहिल्यावर साठा पुन्हा भरतो. रक्तवाहिन्यांतल्या नायट्रिक ऑक्साईडवर त्याचा पंधरा पट परिणाम होतो, असे कोणी दाखवलेले नाही.

नाकाने श्वास घेण्याचा फायदा मात्र खरा आहे, कारण नाकातला हा वायू हवेबरोबर फुप्फुसांत उतरतो आणि जिथे हवा पोहोचली आहे तिथल्याच वाहिन्या सैल करतो. नवजात बालकाच्या फुप्फुसांतल्या वाहिन्या आखडलेल्याच राहिल्या, तर अतिदक्षता विभागात त्याला नायट्रिक ऑक्साईड हुंगवतात, तेही दहा लाख भाग हवेत साधारण २० भाग एवढेच. भ्रामरी खुशाल करावी. तिने मन शांत होत असेल, तर तेवढे कारण पुरेसे आहे. तिला नोबेल पारितोषिकाच्या टेकूची गरज नाही.

प्रश्न : जिमचे प्रशिक्षक ‘एनओ बूस्टर’ म्हणून आर्जिनिनची पावडर घ्यायला सांगतात. घ्यावी का? त्याऐवजी बीटाचा रस चालेल का?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नऱ्हे)

उत्तर : पावडर घेऊ नका. आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साईड (एनओ) बनते हे खरे, पण निरोगी पेशीत आर्जिनिनची वाण नसतेच, आणि खाल्लेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडे आणि यकृतच संपवून टाकतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत झालेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, न घेणाऱ्यांपैकी एकही नाही, आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तुम्ही तरुण आणि निरोगी आहात, ते रुग्ण होते, हा फरक मान्य. पण डब्यावर ‘नैसर्गिक अमायनो आम्ल’ असे लिहिले म्हणून ती वस्तू निरुपद्रवी ठरत नाही, एवढे त्यातून दिसते.

बीटाची गोष्ट अधिक रंजक आहे. बीट, पालक, मुळा, राजगिऱ्याची पाने यांत नायट्रेट भरपूर असते. ते पोटातून रक्तात जाते, रक्तातून लाळग्रंथी ते गोळा करतात आणि लाळेतून पुन्हा तोंडात सोडतात. जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचे नायट्राईट करतात. हे काम आपल्या स्वतःच्या पेशींना जवळजवळ जमत नाही. लाळ गिळली की पोटातल्या आम्लात आणि पुढे रक्तात नायट्राईटपासून नायट्रिक ऑक्साईड होते. २००८ मध्ये लंडनला निरोगी स्वयंसेवकांना अर्धा लिटर बीटाचा रस पाजला, तेव्हा त्यांचा वरचा रक्तदाब तीन तासांच्या आसपास सुमारे १० मिलिमीटरने उतरला. आणि लाळ गिळू न देता थुंकायला लावल्यावर हा परिणाम दिसेनासा झाला. जंतुनाशक माउथवॉशने रोज खळखळून चुळा भरणाऱ्यांनी हे वाचावे : त्या चुळांत हे जिवाणूही मरतात.

मंडईतून बीट आणा, कोशिंबीर करा, पालकाची ताकातली भाजी करा. रोज अर्धा लिटर रस मात्र नको. बीट आणि पालक दोन्हींत ऑक्झलेट बरेच असते आणि मूतखड्याची प्रवृत्ती असलेल्याला ते महागात पडते. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली, तर घाबरू नका, तो बीटाचा रंग असतो.

प्रश्न : आमच्या इमारतीमागच्या नाल्याला उन्हाळ्यात सडक्या अंड्यासारखा वास येतो. तोच वायू मेंदूत तयार होतो, असे एका व्याख्यानात ऐकले. विश्वास बसत नाही.
(सोसायटीचे सचिव, एरंडवणे)

उत्तर : विश्वास ठेवायला हरकत नाही. तो हायड्रोजन सल्फाईड, आणि फराळाच्या चाटवर भुरभुरलेल्या काळ्या मिठाचा वासही त्याच घराण्यातला. मेंदूत सिस्टीन या गंधकयुक्त अमायनो आम्लापासून तो तयार होतो आणि चेतापेशींचे काम बदलतो, हे जपानमधील आबे आणि किमुरा यांनी १९९६ मध्ये मांडले. २००८ मध्ये, हा वायू बनवणारे एक विकर मुळातच नसलेले उंदीर तयार केले गेले, आणि त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला. लसणातली गंधकाची संयुगे तांबड्या पेशींना भेटली की थोडासा हायड्रोजन सल्फाईड सुटतो, असेही २००७ मध्ये दाखवले गेले. पण तेवढ्यावरून रक्तदाबाची गोळी सोडून लसूण खात बसू नये.

नाल्याविषयी वेगळे सांगायला हवे. आपले नाक हा वायू हवेत अब्जांश प्रमाणात असला तरी ओळखते, म्हणून उघड्यावर वास आला की लगेच विषबाधा होते असे नाही. पण दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास प्रमाण गेले, की गंध ओळखणारी चेताच बधिर होते आणि वास येणे थांबते. बंदिस्त चेंबरमध्ये किंवा मैल्याच्या टाकीत उतरलेला माणूस ‘आता वास नाही’ असे म्हणतो, तेव्हा धोका सर्वांत जवळ आलेला असतो. आपण सचिव आहात, म्हणून विनंती : सोसायटीचे चेंबर तुंबल्यास कोणालाही आत उतरवू नका, यंत्राची गाडी बोलवा, आणि कोणी आत कोसळलाच, तर त्याच्यामागे दुसऱ्याला उडी मारू देऊ नका.

प्रश्न : रक्त तपासून माझे नायट्रिक ऑक्साईड किती आहे, हे कळेल का?
(गृहस्थ, हडपसर)

उत्तर : उपयोगी पडेल अशा रीतीने नाही. रक्तात हा वायू हिमोग्लोबिनला भेटताच संपतो. सुई काढून नमुना प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातले काही उरत नाही, उरते ते नायट्रेट, आणि त्याचा आकडा आदल्या रात्रीच्या पालकावरही अवलंबून असतो. अपवाद एकच. दम्याच्या काही रुग्णांच्या श्वासनलिकेत सूज असताना हा वायू जास्त बनतो, आणि एका यंत्रात संथ फुंकर मारून तो श्वासातच मोजता येतो. प्रौढ माणसात अब्जात २५ भागांखाली आला तर कमी, ५० च्या वर गेला तर जास्त, असे सर्वसाधारणपणे धरतात. आपल्याला दमा नसेल, तर त्या पैशांत रक्तदाबाचे यंत्र घ्यावे.